नीली, कुसुंभ आणि मंजिष्ठा : रेशीमरंगाच्या अलिखित विद्येचा मागोवा

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात रंगाऱ्यांच्या व्यवसायावर लेख कशासाठी, असा प्रश्न सुजाण वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रारंभीच द्यायला हवे. ग्रंथालय लिहिलेले जपते. परंतु समाजाच्या ज्ञानाचा फार मोठा भाग लिहिला जातच नाही. तो हातातून हातात आणि घरातून घरात जातो आणि ज्या दिवशी तो पुढचा हात मिळत नाही त्या दिवशी निःशब्दपणे संपतो. वनस्पतींपासून काढलेल्या रंगांनी रेशीम रंगवण्याची विद्या ही अशा ज्ञानाचे ठळक उदाहरण होय. ही विद्या ज्या प्रदेशात शतकानुशतके नांदली तो गुजरात आपल्या या बडोदे नगरीच्या भोवतीच पसरलेला आहे. आणि रंगशास्त्र देशी भाषेत ग्रंथबद्ध करण्याचा एक मोठा प्रयत्नही याच नगरीत झाला. तो झाला तेव्हा जुनी विद्या मात्र निघून जाण्याच्या तयारीत होती. या योगायोगाचा थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

काव्यशास्त्रातील तीन रंग

आरंभ साहित्यापासूनच करू. संस्कृत ‘रञ्ज्’ धातूपासून ‘रंग’ आणि ‘राग’ हे दोन्ही शब्द निघाले. मराठीत ‘राग’ हा शब्द संतापाचा वाचक झाला असला, तरी मुळात त्याचा अर्थ रंग, आणि त्यावरून मनाला चढलेला रंग म्हणजे अनुराग, असा आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पण’ या ग्रंथात शृंगाराचे विवेचन करताना पूर्वरागाचे तीन प्रकार सांगितले आहेत : नीलीराग, कुसुंभराग आणि मंजिष्ठाराग. जे प्रेम फारसे झळकत नाही पण मनातून जातही नाही ते नीलीराग. जे झळकते परंतु ओसरते ते कुसुंभराग. आणि जे झळकते व ओसरतही नाही ते मंजिष्ठाराग.

काव्यशास्त्राच्या वर्गात हा भाग आपण अलंकारिक कल्पना म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. वस्तुतः हे वर्गीकरण रंगाऱ्याच्या अनुभवावर उभे आहे, आणि आजच्या रसायनशास्त्राच्या कसोटीवरही ते तंतोतंत उतरते. नीळ ऊन आणि पाणी या दोहोंना दाद देत नाही. कुसुंबा, म्हणजे करडईच्या फुलाचा रंग, पहिल्या दिवशी डोळे दिपवतो आणि थोड्याच दिवसांच्या उन्हात फिका पडतो. मंजिष्ठ मात्र, योग्य रीतीने चढवली तर, तेजस्वीही असते आणि टिकाऊही. काव्यशास्त्रकाराने नायकनायिकांच्या प्रेमाला हे माप लावले ते सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीवरून. अर्थ असा की रंगाऱ्याच्या विद्येचे निष्कर्ष साहित्यात शिरले. तिची कृती मात्र साहित्याबाहेरच राहिली.

तुरट आणि तुरटी

‘योग्य रीतीने चढवली तर’ या शब्दांतच सगळी विद्या आहे. मंजिष्ठेची मुळी नुसती पाण्यात उकळून तीत रेशीम बुडवले तर विटकरी छटेचा कच्चा रंग येतो व तो धुण्यात बराचसा निघून जातो. तेच रेशीम आधी तुरटीच्या पाण्यात भिजत ठेवले, मग मंजिष्ठेच्या काढ्यात मंद आचेवर फिरवले, की लाल रंग धाग्याच्या अंगात मुरतो. तुरटीतील ॲल्युमिनियम एका बाजूने रेशमाला व दुसऱ्या बाजूने रंगद्रव्याला धरून ठेवते. अशा मध्यस्थ द्रव्याला मराठी परिभाषेत आपण ‘रंगबंधक’ म्हणतो.

ही संज्ञा आधुनिक परिभाषाकारांची असली तरी कल्पना नवी नव्हे. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्रावरील मध्ययुगीन ग्रंथात सौराष्ट्रातील दगडातून मिळणाऱ्या तुवरीचे वर्णन आहे, आणि ती वस्त्राला लावली असता मंजिष्ठेचा रंग बांधून ठेवते असे तिचे लक्षण दिले आहे. तुरटीचे एक संस्कृत नाव ‘सौराष्ट्री’ असेच आहे. सौराष्ट्राच्या शेजारच्या कच्छात मढ येथे तुरटी काढण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकापर्यंत चालत होता, हे लक्षात घेतले म्हणजे पश्चिम भारत रंगकामात अग्रेसर का राहिला याचे एक कारण हाती लागते. रंगद्रव्ये पुष्कळ ठिकाणी उगवतात. रंगबंधक सर्वत्र मिळत नाही.

जेथे खनिज तुरटी मिळत नसे तेथे वनस्पतीच मदतीला येत. लोध्राचे झाड जमिनीतील ॲल्युमिनियम शोषून आपल्या साली-पानांत साठवते. ॲल्युमिनियम हे नावही माहीत नसलेल्या रंगाऱ्यांनी लोधाची साल रंगाच्या भांड्यात घालण्याची चाल पाडली होती. दुसरे मोठे द्रव्य म्हणजे हिरडा. हिरडा, डाळिंबाची साल, बाभळीची साल यांत तुरट रस असतो. ‘तुरट’ आणि ‘तुरटी’ हे शब्द एकाच घरचे. आणि संस्कृतातील ‘कषाय’ हा शब्दही तुरट चव आणि तांबूस रंगवलेले वस्त्र असे दोन्ही अर्थ वाहतो. भाषेने घातलेली ही सांगड निराधार नाही. तुरट पदार्थ जिभेला आवळतो तो लाळेतील प्रथिनाशी त्याची गाठ पडते म्हणून. आणि रेशीम हेही प्रथिनच असल्याने त्याच गुणाने तो रेशमालाही धरतो.

रेशमाचे मर्म

सुताचा रंगारी आणि रेशमाचा रंगारी यांचे काम म्हणूनच निरनिराळे. सूत रंगाला सहजासहजी वश होत नाही. त्याला हिरडा, तेल, शेण, तुरटी अशा अनेक संस्कारांतून न्यावे लागते. रेशीम रंगाला उत्सुक असते. पण ते नाजूकही असते. किड्याच्या कोशातून निघालेल्या धाग्यावर नैसर्गिक डिंकाचे वेष्टन असते आणि त्याचे वजन एकंदर धाग्याच्या पाचव्या हिश्शापासून चौथ्या हिश्शापर्यंत भरते. हा डिंक पापडखाराच्या किंवा साबणाच्या पाण्यात उकळून काढल्यावाचून रेशमाला झळाळी येत नाही आणि रंगही आत शिरत नाही. खार कमी पडला तर डिंक राहतो, अधिक झाला तर धागाच खाल्ला जातो. म्हणजे एक शेर कच्चे रेशीम आणले की रंगाच्या भांड्यापर्यंत पाऊण शेर पोचणार हे गृहीत धरूनच हिशेब करावा लागे.

यापुढे प्रत्येक रंगाचा शिष्टाचार वेगळा. तांबड्यासाठी मंजिष्ठेइतकीच, किंबहुना रेशमाच्या बाबतीत तिच्याहून अधिक, मान्यता लाखेच्या रंगाला होती. लाख वनस्पतिजन्य नव्हे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांपासून ती मिळते. काडीवरची लाख कुटून पाण्यात धुतली की रंग पाण्यात उतरतो. त्यात चिंचेचा कोळ घालून आंबटपणा आणायचा आणि तुरटी दिलेले रेशीम त्यात शिजवायचे. रेशमाला आम्ल मानवते, हे तत्त्व त्यामागे आहे.

कुसुंब्याची रीत अगदीच निराळी. करडईच्या फुलात पिवळा रंग विपुल व तांबडा जेमतेम अर्धा टक्का असतो. पाकळ्या वाहत्या पाण्यात मळून पिवळा रंग काढून टाकायचा, मग खाराच्या पाण्यात तांबडा विरघळवून घ्यायचा, आणि शेवटी लिंबाचा रस घालून तो रेशमावर बसवायचा. येथे रंगबंधक लागत नाही. पण रंग पकडूनही राहत नाही. विश्वनाथाचा कुसुंभराग तो हाच.

पिवळ्यासाठी हळद, पळसाची फुले आणि डाळिंबाची साल होतीच; परंतु रेशमासाठी अफगाणिस्तान-खुरासानकडून येणाऱ्या असबर्ग नावाच्या फुलांना पश्चिम भारतात विशेष मागणी असे. तुरटीबरोबर त्यांचा स्वच्छ, उजळ पिवळा रंग येतो. नारिंगी रंगासाठी कपिला वापरीत. कपिल्याच्या फळांवरची तांबडी भुकटी पाण्यात विरघळत नाही, खारात विरघळते. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग याने अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेतील रेशीम रंगाऱ्यांचे जे प्रमाण टिपून ठेवले ते असे : चार भाग कपिला, एक भाग तुरटी, दोन भाग सज्जीखार, आणि हे सर्व किंचित तिळाच्या तेलात खलून उकळत्या पाण्यात. तेलाचे प्रमाण जाणवेल न जाणवेल इतके थोडे. असे नेमके प्रमाण मिळते तेव्हा आनंद होतो. पण ते आपल्या भाषेत नव्हे, परक्या अभ्यासकाच्या टिपणात मिळते, हेही नजरेआड करता येत नाही.

निळीला रंगबंधक नको असतो, पण ती पाण्यात विरघळतही नाही. गूळ, चुना आणि टाकळ्याचे बी घालून निळीचा रांजण आंबवावा लागतो. आंबल्यावर नीळ हिरवट-पिवळी होऊन विरघळते. रेशीम त्यात बुडवून वर काढले की हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. चुना जास्त झाला तर रेशमाची हानी, कमी झाला तर रांजण नासतो. रांजण ‘जिवंत’ आहे की नाही हे अनुभवी माणूस वासावरून, फेसावरून आणि चवीवरून ओळखी. अशी ओळख कागदावर कशी उतरणार?

काळ्याची गोष्ट शेवटी सांगतो, कारण तीत इशारा आहे. हिरड्याचा तुरट रस आणि लोखंडाचे पाणी एकत्र आले की काळा रंग सिद्ध होतो. आपल्याकडची जुनी शाईही याच संयोगाची. परंतु लोखंड रेशमाला कालांतराने जीर्ण करते. जुन्या भरतकामात आणि वस्त्रांत इतर रंग शाबूत असताना काळे भाग तेवढे झडून गेलेले दिसतात, ते यामुळे. तसेच जुन्या वस्त्रांतील पाने पुष्कळदा निळी दिसतात. कारागिराने ती हिरवीच केली होती; निळीवर दिलेला पिवळा उडाला आणि नीळ तेवढी राहिली.

पाटणचे साक्षीदार

या सर्व ज्ञानाची कठीण परीक्षा म्हणजे पाटणचे पटोळे. त्यात ताणा आणि बाणा हे दोन्ही धागे विणण्यापूर्वीच नक्षीच्या हिशेबाने जागोजाग बांधून रंगवतात. एक रंग द्यायचा, गाठी सोडायच्या, दुसरीकडे बांधायच्या, पुन्हा रंगवायचे. विणताना ताण्यावरचा लाल ठिपका बाण्यावरच्या लाल ठिपक्यावर येऊन बसला पाहिजे. एका साडीला कित्येक महिने लागतात. अशा कामात रंग तसूभर फुटला तर सगळे श्रम वाया. नक्षी फाटेल पण फिटणार नाही, अशा आशयाची जी म्हण गुजरातीत पटोळ्यावरून रूढ झाली, ती विणकराइतकीच तुरटीचे प्रमाण जाणणाऱ्या रंगाऱ्याचीही पावती आहे. पाटणात तर ही दोन्ही कामे एकाच घरात होत.

हे काम करणारे साळवी. त्यांची परंपरा सांगते की बाराव्या शतकात अणहिलवाडच्या कुमारपाल राजाने जालन्याहून सातशे साळवी कुटुंबे पाटणला आणून वसवली. परंपरेतील आकडा अक्षरशः घेण्याचे कारण नाही. परंतु गुजरातच्या सर्वश्रेष्ठ वस्त्राचे कारागीर आपले मूळ गाव मराठवाड्यात सांगतात, ही गोष्ट गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणा मराठी भाषकांना खचितच जिव्हाळ्याची वाटेल. माणसांबरोबर विद्याही गाव बदलते आणि नव्या गावाची होते.

पटोळी गुजरातपुरती राहिली नाहीत. सुरतेच्या मार्गाने ती जावा-सुमात्रा बेटांत गेली, तेथील राजघराण्यांत पवित्र ठेव म्हणून जपली गेली, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांचा व्यापार केला. पुढे हा व्यापार ओसरला, घरे कमी होत गेली, आणि १९४९ पर्यंत बडोदे संस्थानात असलेल्या पाटणात हे काम मोजक्या कुटुंबांच्या हाती उरले.

डांबरातून आलेले रंग

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यावर प्रयोग करताना जांभळा रंग मिळवला. या रंगाने प्रथम बाजी मारली ती रेशमावरच. सुतावर तो बसवण्यासाठी तुरट द्रव्याची मदत लागे. रेशीम त्याला तसेच धरी. १८५९ मध्ये किरमिजी-गुलाबी रंग आला, १८६८ मध्ये युरोपीय मंजिष्ठेतील रंगद्रव्य जर्मन रसायनज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केले, आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. विश्वनाथाचे तीन्ही राग चाळीस वर्षांत मागे पडले.

पुडी फोडावी, गरम पाण्यात टाकावी, अर्ध्या तासात रेशीम रंगवून वाळत घालावे, अशी ही सोय होती. रंगाऱ्याने ती घेतली यात त्याचा दोष काढणे अन्यायाचे होईल. मुळ्या कुटणे, रांजण आंबवणे, दिवसभर आच सांभाळणे हे कष्ट ज्याने केले नाहीत त्याने त्यांचे गोडवे गाऊ नयेत. लाखेच्या बाबतीत तर व्यवहार उलटाच झाला : पूर्वी रंग मौल्यवान होता, आता रंगाचे पाणी फेकून देऊन चपडा तेवढा विकला जाऊ लागला.

याच सुमारास, १८९० साली, महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यात कलाभवनाची स्थापना झाली. तिचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे रसायनज्ञ. कारागिरांच्या मुलांना त्यांच्या भाषेत शास्त्र शिकवले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. रंगकाम हा कलाभवनातील प्रमुख विषयांपैकी एक. ‘रंगरहस्य’ नावाचे नियतकालिक गज्जरांनी चालवले, आणि ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ या योजनेतून तांत्रिक विषयांवर देशी भाषांत पुस्तके सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. रंगाऱ्याचा विषय छापील अक्षरांत आणि देशी भाषेत आणण्याचा हा प्रयत्न त्या काळी असामान्यच म्हटला पाहिजे.

पण शिकवायचे काय? बाजार नव्या रंगांचा होता. कारागिराला जगवायचे तर त्याला नवी रसायने आली पाहिजेत, ही गज्जरांची भूमिका दूरदर्शीपणाची होती. १९०७ साली बडोद्यात ‘अलेंबिक’ कारखाना उभा राहिला त्यातही त्यांचा हात होता. कलाभवनाने अनेक हातांना रोजगार दिला आणि पुढे ते महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या तंत्रशाखेत विलीन झाले. त्याचे श्रेय कमी न करता एवढेच नोंदवावेसे वाटते की देशी भाषेतील लेखणी रंगाऱ्याच्या दारी पोचली तेव्हा तिने नवीन लिहिले, जुने उतरवून घेतले नाही. जुने उतरवले ते इंग्रज अधिकाऱ्यांनी, सरकारी कामासाठी आणि इंग्रजीत. मुंबई इलाख्यातील रंगांवरील फॉसेट यांची पुस्तिका १८९६ ची, आणि रेशमी वस्त्रांवरील एडवर्डिस यांची १९०० ची. ज्यांची ही विद्या त्यांना ही पुस्तके वाचता येणार नव्हती.

उरलेले आणि उरवायचे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारे पुन्हा फिरले. काही कृत्रिम रंगांतून आरोग्याला घातक द्रव्ये सुटतात असे दिसून आल्यावर १९९४ मध्ये जर्मनीने त्यांवर बंदी घातली. भारतानेही त्याच दशकात अशा अनेक रंगांना मनाई केली. पाटणातही वनस्पतिजन्य रंग पुन्हा हाताळले जाऊ लागले. पाटणच्या पटोळ्याला २०१३ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. आता वस्त्राच्या एखाद्या बारीक तंतूवरून तो लाखेने रंगवला की मंजिष्ठेने, हे प्रयोगशाळेत सांगता येते. म्हणजे ‘काय’ वापरले ते कळते. ‘कसे’ वापरले ते मात्र तंतू सांगत नाही.

नैसर्गिक ते सर्व निर्दोष, असा समज करून घेण्याचेही कारण नाही. या रंगांना पाणी आणि सरपण भरपूर लागते, आणि रंगबंधक म्हणून तांबे किंवा कथिलाचे क्षार वापरले तर सांडपाणी विषारी होते. जुने रंगारी हिशेबी होते. त्यांचे अनुकरण करायचे तर हिशेबासकट करायला हवे.

आपल्या भाषेत या विद्येच्या खुणा अजून आहेत. रंगारी, निळारी, भावसार ही नावे आहेत. कुसुंबी, डाळिंबी, अंजिरी, आमसुली, मोरपंखी, गुलबक्षी अशा रंगनामांनी मराठी समृद्ध आहे, आणि कपाटातल्या पैठणीबद्दल बोलताना आजही ती सहज तोंडी येतात. नावे भाषेने राखली. कृती राखणे तिच्या हाती नव्हते.

ते काम ग्रंथालयांच्या हाती मात्र आहे. बडोदे संस्थानात १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे विणले गेले ते वाचकांपर्यंत पुस्तक पोचवण्यासाठी. शतकानंतर त्याच्या जोडीला दुसरी दिशाही हवी : ज्यांच्याजवळ ज्ञान आहे पण पुस्तक नाही अशांपर्यंत ग्रंथालयाने पोचावे. आपल्या सभासदांपैकी कित्येकांच्या घरी आजीच्या पेटीत एखादे जुने रेशमी वस्त्र असेल, एखाद्या वहीत रंगाचे प्रमाण लिहिलेले असेल, एखाद्या वृद्ध कारागिराची ओळख असेल. त्या वहीची प्रत, त्या वस्त्राची नोंद, त्या कारागिराचे त्याच्याच शब्दांतील कथन येथील कपाटांत यावे. तुरटी स्वतः रंग देत नाही. दुसऱ्याने दिलेला रंग ती धरून ठेवते. ग्रंथालयाचे कार्यही याहून वेगळे नाही, आणि पुढील शतकात ते आपल्या हातून घडो, हीच या प्रसंगी सदिच्छा.